गोदावरीच्या सासरी

गोदावरी ही नाशिकची नदी आहे. ती त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावते, रामकुंडावर लोकांची पापं धुते आणि मग पुढे कुठेतरी जाते. एवढा भूगोल नाशिककराला जन्मभर पुरतो. ‘पुढे कुठेतरी’ म्हणजे एकूण १४६५ किलोमीटरपैकी चौदाशेहून जास्त किलोमीटर, या तपशिलाकडे तो लक्ष देत नाही. पैठणकर आणि नांदेडकर नदीवर हक्क सांगतात तेव्हा तो समजूतदारपणे हसतो. पाऊस कमी झालेल्या वर्षी जायकवाडीसाठी पाणी सोडायची वेळ आली की मात्र हसत नाही.

खरं तर या नदीने पहिल्यापासून आपला विचार केलेला नाही. उगमापासून अरबी समुद्र साधारण ८० किलोमीटर. न्याहारी करून निघालं तर जेवायला पोचावं इतक्या अंतरावर. पण पोरीने जवळचं स्थळ नाकारलं आणि थेट बंगालच्या उपसागराशी लग्न ठरवलं, तेही तेलुगू मुलखात. तेव्हापासून माहेरची माणसं तिच्या आरत्या म्हणतात, बारा वर्षांनी सिंहस्थ भरवतात. पण सासरी तिचं कसं चाललंय हे बघायला आमच्या ओळखीचं कुणी गेलेलं नव्हतं. आम्ही गेलो. निमित्त पक्ष्यांचं होतं.

आमचा पक्षिनिरीक्षकांचा एक गट आहे. थंडी पडली की रविवारी पहाटे आम्ही नांदूर मधमेश्वरला असतो. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात बंधारा घातला, त्यात गाळ साचला, गाळावर पाणवनस्पती आल्या, त्यांच्यामागे पक्षी आले आणि पक्ष्यांच्या मागे आम्ही. २०२० साली ही जागा रामसर यादीत गेली, महाराष्ट्रातली पहिली. तेव्हापासून तिथल्या मनोऱ्यावर चढताना आमच्या चालीत थोडा रुबाब आला आहे. पण तिथल्या जांभळ्या पाणकोंबड्या आताशा आम्हाला बघून मानसुद्धा वर करत नाहीत. तेव्हा सर म्हणाले, “नदीच्या या टोकाला एवढं आहे, तर त्या टोकाला किती असेल?”

सर म्हणजे गटाचे प्रमुख, निवृत्त मुख्याध्यापक. जो पक्षी पुस्तकाप्रमाणे असायला हवा आणि दिसला नाही, त्याच्यापुढे ते वहीत ‘गैरहजर’ असं लिहितात आणि बाजूला तारीख घालतात. त्यांच्यानंतर मान लेन्सवाल्यांचा. त्यांच्याकडे सहाशे मिलिमीटरची लेन्स आहे. ती घेतल्यानंतरही त्यांच्या घरात फ्रीज शिल्लक आहे, हे त्यांच्या पत्नीचं कर्तृत्व. लेन्सवाले पक्षी जागेवर बघत नाहीत. घरी जाऊन फोटो मोठे करून बघतात आणि रात्री साडेअकराला गटावर विचारतात, “हा कोण होता?” एक इंजिनियर मुलगी आहे. तिचा फोन आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सांगतो, त्यामुळे ती जवळ असताना कुणी बोलायचं नाही असा नियम आहे. हा नियम करायलाच आमची पाऊण तास चर्चा झाली होती.

आणि काकू. काकूंना पक्ष्यांत रस नाही. त्या येतात कारण काका येतात, आणि काकांना बाहेरचं सोसत नाही. काकू मूळच्या मालवणच्या. लग्न होऊन नाशिकला आल्या आणि ताज्या मासळीच्या बाबतीत त्यांनी आयुष्यभर जे सोसलं त्याची सर काकांच्या पोटाला यायची नाही. सहलीचं ठिकाण ऐकल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तिथे समुद्र आहे ना?” आणि पिशवी भरायला घेतली. पिशवीत लाडू होते, चिवडा होता, तांदूळ, खण आणि एक नारळ होता.

“नारळ कशाला?” काकांनी विचारलं.

“नदीची ओटी भरायची. तिच्या माहेरची माणसं रिकाम्या हाताने जाणार काय?”

शिर्डीहून काकिनाड्याला थेट रेल्वे आहे. आपण तिकडे नदी पाठवली, त्यांनी इकडे भक्त पाठवले. डबा दर्शन करून परतणाऱ्यांनी भरलेला होता. रात्रभर मराठवाडा आणि तेलंगण झोपेत गेले आणि पुढे राजमहेंद्रीच्या अलीकडे गाडी पुलावर आली. पूल संपेना. अडीच-तीन किलोमीटर नुसतं पाणी. खिडकीला सगळे चिकटले. हीच ती बाई, जिला उन्हाळ्यात आमच्याकडची पोरं चपला हातात घेऊन ओलांडतात, आणि जिच्या अंगावर बाकीचा वेळ पाणवेलींचं हिरवं गोधडं असतं. कुणी बोललं नाही. माहेरची माणसं पोर सुखात आहे हे बघून आधी जरा नाराजच होतात.

पुलाखालून पुढे गेली की दवळेश्वरमला तिची वाटणी होते. तिथे सर आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियराने १८४७ ते १८५२ या काळात बंधारा घालून तिला कालव्यांच्या कामाला जुंपलं. दुष्काळाने पोळलेला मुलूख भाताचं कोठार झाला. गोदावरीच्या दोन्ही जिल्ह्यांत या साहेबाचे पुतळे आहेत आणि लोक त्यांना मनापासून हार घालतात. सर म्हणाले, साहेबाला हार घालणारा शेतकरी आपल्याकडे बघायला मिळत नाही. काका म्हणाले, आपल्याकडे साहेबाने पाणी कुठे दिलं. बंधाऱ्याच्या खाली नदीचे फाटे फुटतात आणि त्यांना ऋषींची नावं आहेत: गौतमी, वसिष्ठ, कौशिक, आत्रेय, भारद्वाज वगैरे मिळून सात. लग्नात मुलीचं नाव बदलतात हे ठाऊक होतं. इथे एकदम सात ठेवली होती. सासरला नावं ठेवायला आलेल्या आमच्यासाठी काही शिल्लकच नव्हतं.

काकिनाड्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे आम्ही मुख्यतः खाल्लं. सकाळी पेसरट्टू, म्हणजे हिरव्या मुगाचा डोसा, त्याच्या पोटात उपमा. काकांनी दोन खाल्ले आणि त्यांना काहीही झालं नाही, याचा काकूंना थोडा राग आला. काजा नावाची मिठाई खाल्ली. ती दाताखाली फुटते आणि पाक शर्टावर येतो. दुर्बिणीला चिकट हात लागल्यामुळे पुढचा दिवसभर लेन्सवाले आम्हाला जवळ येऊ देत नव्हते. पुलस मिळेल का, म्हणून काकूंनी वाढप्याला विचारलं. पावसाळ्यात समुद्रातून उलटी नदीत चढणारी ही हिलसा. मंगळसूत्र विकावं पण पुलस खावी असं तिकडे म्हणतात. हिवाळ्यात मिळत नाही, असं वाढप्याने खुणेने सांगितलं. काकूंचा हात गळ्याकडे गेला होता तो खाली आला.

कोरिंगा अभयारण्य काकिनाड्यापासून वीसएक किलोमीटरवर आहे. १९७८ साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण २३५ चौरस किलोमीटर, त्यातलं बरंचसं कांदळवन आणि उरलेलं पाणी की चिखल हे घड्याळावर अवलंबून. आत जायला खांबांवर उभारलेली लाकडी वाट आहे. दोन्ही बाजूंनी तिवरांची झाडं, आणि खाली चिखल. चिखल म्हणजे नुसता चिखल नव्हे. काळा, गुळगुळीत, चकाकणारा, हात घातला तर कोपरापर्यंत जाईल असा. तो बघितल्यावर सरांना भरून आलं.

“ही आपली माती आहे,” ते म्हणाले.

शास्त्राने बघितलं तर त्यात तथ्य आहे. दख्खनच्या काळ्या कातळाची झीज पावसाबरोबर नदीत येते आणि नदी ती वाहून नेते. हजारो वर्षं तिने असं थोडं थोडं माहेर पळवलं आणि समुद्रात भर घालून त्यावर संसार थाटला. आता वाटेत इतकी धरणं आहेत की गाळ बराचसा मध्येच अडतो. म्हणजे आम्ही बघत होतो तो जुन्या काळी नेलेला ऐवज. सरांनी काठीने तो ढवळून बघितला. सिन्नरकडचा असावा, असं त्यांचं मत पडलं.

या गाळाचा एक पराक्रम सांगण्यासारखा आहे. कोरिंगा हे एके काळी नामांकित बंदर होतं. जहाजं बांधायची, दुरुस्त करायची, इथून माणसं बोटीत बसून ब्रह्मदेशात मजुरीला जायची. पुढे नदीने आणलेल्या गाळाने बंदराचं तोंड बुजत गेलं, मोठी जहाजं आत येईनात आणि धंदा काकिनाड्याला गेला. हे ऐकल्यावर सरांची छाती फुगली. इंग्रजांचं बंदर नाशिकच्या मातीने बुजवलं हा मुद्दा ते आता स्वातंत्र्यलढ्याच्या व्याख्यानात घालणार आहेत.

आमच्याबरोबर तिथला एक वाटाड्या होता. मच्छीमार वस्तीतला, कमी बोलणारा. त्याची हिंदी आणि आमची हिंदी यांची गाठ क्वचित पडत होती. पण त्याने एक सुरेख गोष्ट दाखवली. तिवराचं एक पान तोडलं, उलटं केलं आणि उन्हात धरलं. पानावर बारीक पांढरे कण चमकत होते. हे झाड खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. सरांनी भिंगाने बघितलं. लेन्सवाल्यांना इतक्या जवळचं दिसत नाही, म्हणून ते दहा पावलं मागे गेले. मुलीने गूगलवर वाचून दाखवलं. काकूंनी पान हातात घेतलं आणि चाटलं.

सगळे गप्प झाले. वाटाड्याही गप्प झाला.

“आमच्याकडच्यापेक्षा कमी आहे,” काकू म्हणाल्या. “नदीचं पाणी जास्त मिसळतंय.”

वाटाड्याने मान डोलावली. एवढा वेळ तो सरांना गटाचे प्रमुख समजत होता. तिथून पुढे तो जे काही सांगायचं ते काकूंकडे बघून सांगू लागला आणि त्यांना ‘अम्मा’ म्हणू लागला.

खरं म्हणजे काकू तिथे घरी आल्या होत्या. नाशिकच्या पाण्यावर उभ्या राहून आम्ही जी नावं पुस्तकात शोधतो ती त्यांना इथे न शोधता दिसत होती, कारण त्यांनी ती लहानपणी टोपलीत बघितली होती. चिखलात काहीतरी टुणकन उडालं. मुलीने फोन वर केला. फोनला काही ऐकू आलं नाही. काकू लाकडी कठड्यावरून ओणवल्या. “गो बाय माझे, निवट्या!”

निवटी हा मासा आहे, पण त्याला कुणी सांगितलेलं नाही. ओहोटी लागली की बाकीचे मासे पाण्याबरोबर जातात, हा मागे राहतो. चार-पाच बोटं लांब, चिखलाच्याच रंगाचा, डोळे थेट डोक्याच्या माथ्यावर. छातीच्या दोन परांवर रेटा देत तो पुढे सरकतो, थांबतो, गाल फुगवतो. गालात पाणी भरून ठेवलेलं असतं, आणि अंग ओलं असेपर्यंत कातडीतूनही श्वास घेता येतो. आम्ही बघत होतो तिथे दोघांचं भांडण चाललं होतं. जागा केवढी, तर दोन तळहात चिखल. एकाने पाठीवरचा पर ताठ उभारला, दुसऱ्याने तोंड उघडलं, मग दोघांनी तोंडं उघडी ठेवून एकमेकांना ढकललं, आणि मग काही ठरायच्या आत दोघेही आपापल्या बिळाकडे निघून गेले. गटातल्या दोघांनी नुकतीच सोसायटीच्या पार्किंगवरून हीच मुद्रा केली होती. ते दोघे पुढे चालू लागले.

“मिठाने चोळून घ्यायच्या, नाहीतर हातातून सुटतात,” काकू सांगत होत्या. “मग कांदा, तिरफळं...” अभयारण्यात उभं राहून वन्यजीवांची पाककृती सांगणं कायद्यात बसतं का, हे सरांना पडताळून बघायचं होतं. वाटाड्याने मात्र कृती लक्षपूर्वक ऐकली आणि एका ठिकाणी चिंच हवी अशी दुरुस्ती सुचवली.

थोडं पुढे खेकडे होते. नखाएवढे, शेकड्यांनी. यातल्या नराची एक नांगी इवलीशी आणि दुसरी अंगाच्या मानाने अवाढव्य. तिच्या वजनाने तो एका बाजूला कललेला. या मोठ्या नांगीने त्याला खाता येत नाही. ती वर-खाली हलवून मादीला बोलावायचं आणि दुसऱ्या नराला धाक दाखवायचा, एवढंच तिचं काम. मादीच्या दोन्ही नांग्या छोट्या, त्यामुळे ती दोन्ही हातांनी जेवते आणि त्याचा हलवण्याचा कार्यक्रम संपेपर्यंत तिचं पोट भरलेलं असतं. लेन्सवाले आपली लेन्स पेलत, एका बाजूला कलून, या खेकड्यांचे फोटो घेत उभे होते. खेकडे त्यांच्याकडे बघून नांगी हलवत होते. हा प्रसंग कुणीही कुणाला समजावून सांगितला नाही. फक्त मुलीने त्याचा व्हिडिओ काढला आणि तो लेन्सवाल्यांच्या पत्नीला पाठवला.

आता मांजराबद्दल. कोरिंग्याला जाणारा माणूस मासेमार मांजरासाठी जातो. आपल्या घरच्या मांजरापेक्षा बरंच थोराड, ठिपकेदार, बोटांमध्ये थोडा पडदा आणि पाण्यात उडी टाकून मासा धरायची सवय. तिथले लोक त्याला बावुरु पिल्ली म्हणतात. आमच्या गटात त्याच्यावरून वाटेतच दोन तट पडले होते, कारण काका त्याला पाणमांजर म्हणत होते आणि पाणमांजर मांजर नसतं. ते इथे असतंच, पण वेगळं. हा वाद मनमाडपासून चालू होता.

वाटाड्याने एका वळणावर थांबून खाली बोट दाखवलं. चिखलात पावलं उमटली होती. गोल, स्वच्छ, एकापुढे एक, पाण्याच्या कडेने गेलेली. जवळच विष्ठा होती, तिच्यात माशाचे खवले चमकत होते. सगळ्यांचा श्वास रोखला गेला. सरांनी मोजपट्टी काढली.

“दिसेल का?” कुणीतरी कुजबुजलं.

“रात को,” वाटाड्या म्हणाला. दिवसा ते झोपतं. रात्री अभयारण्य बंद असतं. मांजर आणि पर्यटक यांच्या वेळा अशा ठरवल्या आहेत की दोघांनाही त्रास होऊ नये. आमची तोंडं बघून त्याला दया आली असावी. त्याने खिशातून फोन काढला आणि एक चित्रफीत दाखवली. रात्रीच्या कॅमेऱ्यात टिपलेली, करड्या रंगाची. मांजर पाण्याच्या कडेला बसलं आहे, एकदम वाकतं, आणि तोंडात मासा. आम्ही सगळे त्या फोनवर डोकी टेकवून उभे होतो.

इथून सरांची कोंडी सुरू झाली. मांजर आम्ही पाहिलं होतं. कोरिंगा अभयारण्यात उभं राहून पाहिलं होतं. ते मांजर याच अभयारण्यातलं होतं. मग नोंद करायची की नाही? मुलगी म्हणाली, नियमात बसत नाही. काका म्हणाले, क्रिकेटमध्ये तिसऱ्या पंचाने बघितलेलं धरतात. शेवटी वहीत ‘रजेवर’ असं लिहिलं गेलं. ‘गैरहजर’ आणि ‘हजर’ यांच्यामध्ये हा शेरा सरांनी पहिल्यांदाच वापरला.

पक्षी बघायला होडीतून खाडीच्या तोंडाकडे जायचं होतं, आणि तिथे भरती-ओहोटीचा प्रश्न आला. नाशिकच्या माणसाला पाणी एका दिशेने जातं एवढंच ठाऊक. आम्ही सगळा बेत रेल्वेच्या वेळापत्रकावर आखला होता. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा आत येतं, दोनदा बाहेर जातं. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी त्यावर मैलभर पसरतात, आणि भरती आली की उरलेल्या उंचवट्यांवर दाटीने येऊन बसतात. म्हणजे होडी कधी काढायची हे पाणी ठरवतं. मुलीने फोनमध्ये तक्ता काढला, तो दुसऱ्याच बंदराचा निघाला. सरांनी वाटाड्याला विचारलं, त्याने आकाशाकडे हात केला. काकूंनी विचारलं, “आज तिथी काय?”

अष्टमी होती. “मग भांग आहे. पाणी फार चढणार नाही, फार उतरणारही नाही. घाई नको,” काकू म्हणाल्या आणि लाडवाचा डबा उघडला. मालवणच्या हिशेबाने त्यांनी काढलेली भरतीची वेळ मात्र लागू पडली नाही. “इथला समुद्र लवकर उठतो,” एवढं बोलून त्यांनी घड्याळ जुळवून घेतलं, आणि नंतर चुकल्या नाहीत.

होडीत बसल्यावर पक्षिनिरीक्षणाला खरा रंग चढला. म्हणजे वाद सुरू झाले. ब्राह्मणी घार डोक्यावरून गेली, तिच्यावर एकमत झालं, तेव्हा तिच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघितलं नाही. मुग्धबलाक आमच्या ओळखीचे होते, नांदूरलाही असतात. चोच मिटली तरी मध्ये फट राहते आणि ते त्या चोचीने शंखातून गोगलगायी बाहेर काढतात. पांढरे शराटी, जांभळे बगळे, पाणकावळे, काळ्या डोक्याचा खंड्या. पण चिखलावर जे शेकडो बारके, करडे, सारखे दिसणारे पक्षी धावत होते, तिथे गटाची एकी संपली. चिखल्या, तुतवार, टिलवे. हिवाळ्यात हे सगळे एकाच कापडाचे कपडे शिवल्यासारखे करडे होतात. पायांचा रंग बघावा, तर पाय चिखलात. चोच बघावी, तर ती चिखलात. सरांनी एका पक्ष्याला तीन नावं दिली आणि तिघांनाही हजर धरलं.

त्यातला छोटा टिलवा माझ्या मनात राहिला. वजन पंचवीसएक ग्रॅम. आर्क्टिकच्या काठावर, टुंड्रात जन्मायचं आणि हिवाळ्याला इथवर उडत यायचं, सामान काही नाही. आमच्या गटाचं सामान उतरवायला काकिनाडा स्टेशनावर दोन हमाल लागले होते आणि त्यातलं अर्धं चिवड्याचं होतं.

काकू पक्ष्यांबद्दल मत देत नव्हत्या. त्या पाण्याकडे बघत होत्या. मधूनच म्हणायच्या, “तिथे बोय उडतेय.” वाटाड्या होडी तिकडे वळवायचा आणि तिथे हटकून कवड्या धीवर पाण्यावर फडफडत असायचा, किंवा बगळा मान आखडून उभा असायचा. असं चार-पाच वेळा झाल्यावर सरांनी त्यांना रहस्य विचारलं. “रहस्य कसलं? बाजारात चांगली मासळी आली की गर्दी कुठे होते ते दिसतंच की,” त्या म्हणाल्या. बगळ्यांकडे त्या ज्या नजरेने बघत होत्या ती निरीक्षकाची नव्हती. आपल्या आधी येऊन पापलेट उचलणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघायची ती नजर होती.

पाणचिरा त्यांनीच दाखवला. “ती बघा, खालचा ओठ पुढे आलेली.” वाळूच्या पट्ट्यावर काळे-पांढरे पक्षी बसले होते, नारिंगी चोचीचे, वरची चोच आखूड, खालची लांब. मग त्यातले काही उठले आणि पाण्यालगत, चोच उघडी ठेवून, खालचं पातं पाण्यात बुडवून सरळ रेघ मारत गेले. चोचीला मासा लागला की मिटायची. जगात आता फार थोडे उरलेले पक्षी. ते समोर रेघा मारत होते आणि होडीत पहिल्यांदाच कुणी काही बोलत नव्हतं. लेन्सवाल्यांनी लेन्स उचलली. कार्ड भरलेलं होतं. खेकड्यांनी भरलं होतं.

वाटाड्याने समोर क्षितिजावर होप बेटाची पट्टी दाखवली. नदीने आणलेल्या वाळूनेच झालेलं, समुद्र आणि काकिनाडा यांच्या मध्ये आडवं पडलेलं. हे बेट आणि हे जंगल वादळाचा पहिला मार अंगावर घेतात, असं त्याचं म्हणणं. १७८९ च्या डिसेंबरात आणि पुन्हा १८३९ साली समुद्र कोरिंगा गावावर चालून आला आणि गाव उठलं ते उठलंच. १९९६ च्या नोव्हेंबरातलं वादळ या लोकांच्या डोळ्यांदेखतचं आहे. त्याने गोदावरीच्या मुखाशी हजारावर माणसं नेली. वाटाड्याने ते एका वाक्यात सांगितलं, हाताने पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं, आणि पुन्हा वल्ह्याला लागला. काकूंनी त्याच्या हातावर लाडू ठेवला.

परत धक्क्याला लागल्यावर काकूंनी पिशवी उघडली. खण, तांदूळ, हळदकुंकू आणि नारळ. “ती खाऱ्या पाण्यात आली, मी गोड्या पाण्यात गेले,” त्या मला म्हणाल्या. “आमचं दोघींचं एकमेकींना कळतं.” आणि पदर खोचून पायरीवर उतरल्या. वाटाड्या घाईने पुढे झाला. “अम्मा, पानी में कुछ नहीं डालना.” अभयारण्याचा नियम. काकांनी त्याला हिंदीत समजावलं की ही नदी आमची मुलगी आहे, हे तिचं सासर आहे आणि आम्ही मायकेवाले आहोत. हे वाक्य दिसतं तितकं सोपं नाही. वाटाड्याने ते दोनदा ऐकलं, मग एकदम त्याचा चेहरा उजळला. त्याने काकूंच्या हातातला नारळ घेतला, फिरवून बघितला, टिचकी मारली.

“कितने का?”

“पंचेचाळीस.”

“ये हमारा है, अम्मा.”

त्याने पलीकडच्या किनाऱ्याकडे, कोनसीमेकडे बोट केलं. तिथे नारळाच्या बागा संपत नाहीत, आणि तिथले नारळ ट्रकांनी महाराष्ट्रात जातात. म्हणजे तिच्या अंगणातला नारळ आम्ही नाशिकच्या बाजारात पंचेचाळीस रुपयांना विकत घेऊन, रेल्वेचं भाडं भरून, तिलाच आहेर म्हणून परत आणला होता. माहेरच्या माणसांची याहून शोभा व्हायची बाकी नव्हती. काकूंनी हळदकुंकवाचं बोट पाण्याला टेकवलं, नारळ धक्क्याबाहेर फोडला आणि सगळ्यांना वाटला. चवीला बरा होता. मालवणइतका नाही, असं मत पडलं, पण हळू आवाजात.

संध्याकाळी वाटाड्या स्टेशनावर आला. त्याच्या खांद्यावर पोतं होतं. मुलीकडची माणसं रिकाम्या हाताने गेली तर गावात काय म्हणतील, असं काहीसं तो तेलुगूत सांगत होता. ते मात्र आम्हाला लगेच समजलं. सासरकडचं नाही म्हणता येत नाही. पोतं सीटखाली जाईना, म्हणून नारळ सगळ्यांच्या बॅगांत वाटून दिले, आणि लेन्सवाल्यांना ट्रायपॉड हातात धरून बसावं लागलं, कारण त्याच्या पिशवीत आठ मावले.

डबा शिर्डीला निघालेल्या भक्तांनी भरलेला होता. समोरच्या आजोबांनी आमच्या बाकाखालून गडगडत आलेला एक नारळ उचलून काकूंच्या हातात दिला आणि दोन्ही हात जोडून भक्तिभावाने विचारलं, “इतना नारियल, अम्मा? कौन से भगवान को?”

“सोलकढीला,” काकू म्हणाल्या.